डिफरन्शियलच्या आधी बैल होते

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे', 'बघा', 'हां' थोडे छाटलेत, सगळे नाही.

एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. "दादा, माझ्याकडं दहाव्या मापाचा रिमोटचा ट्रक आहे, फोर बाय फोर. नदीच्या वाळूत घातला की पुढचं एकच चाक गरगर फिरतं, बाकीची तीन गप्प. मोटर मोठी टाकू का?"

टाकू नको भावा. मोठी मोटर टाकलीस तर तेच एक चाक आणखी जोरात गरगरेल. हे दुखणं मोटरचं नाही, डिफरन्शियलचं आहे, आणि निम्मं सस्पेन्शनचं. हे दुखणं जवळपास दोनशे वर्षं जुनं आहे. त्याआधी ते नव्हतंच. का नव्हतं, तिथून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर आपल्या गोठ्यात आहे.

मी उंब्रजचा. तारळी नदी जिथे कृष्णेला मिळते ते आमचं गाव. एका अंगाला पुणे-बेंगळुरू हायवे, जो आधी एनएच ४ होता आणि आता ४८ आहे, आणि दुसऱ्या अंगाला उसाची रानं. हायवेवर सोळा चाकांचे ट्रक आणि त्यांच्याच कडेकडेने उसाची बैलगाडी, हे दृश्य हंगामात आम्हाला रोजचं. त्यामुळे गाडीच्या चाकांचा इतिहास समजून घ्यायला लंडनला जायची गरज नाही, पुलावर उभं राहिलं तरी पुरतं. लंडनला जाऊच, पण नंतर.

तर बैलगाडी. लाकडी चाकाची जुनी गाडी कधी नीट निरखली असेल, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. मधला आख, म्हणजे ज्यावर दोन्ही चाकं बसतात तो दांडा, फिरतच नाही. तो गाडीला पक्का असतो. चाकं त्याच्या टोकांवर आपापली फिरतात, बाहेर सुटू नयेत म्हणून टोकाला खीळ, आणि कुरकुर होऊ नये म्हणून वंगण. डाव्या चाकाला उजव्या चाकाची खबर नसते. आता गाडी वळली की बाहेरचं चाक जास्त अंतर कापणार आणि आतलं कमी. किती जास्त? इथे एक गंमत आहे. वळण मोठं घ्या की लहान, फरक तेवढाच राहतो. तो फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो. चाकांमध्ये साडेचार फूट अंतर असेल आणि गाडी काटकोनात वळली, तर बाहेरचं चाक साधारण सात फूट जास्त चालतं. बैलगाडीला याचं काही पडलेलं नाही. चाकं मोकळी आहेत, ज्याला जेवढं फिरायचं तेवढं फिरू दे.

आणि ओढण्याचं काय? ते चाकांकडे नाहीच. चाकं नुसती लोळतात, ओढतात बैल. वळताना आतला बैल पाऊल आखूड टाकतो, बाहेरचा लांब टाकतो, गाडीवान कासरा जरासा आवळतो आणि झालं. ताकद वाटून देणं आणि वेग वेगळा ठेवणं ही दोन्ही कामं एका खिलार जोडीच्या अंगात बसलेली होती. डिफरन्शियल नावाची वस्तू हेच काम दातेरी चाकांनी करते. एवढं एकदा डोक्यात बसलं की उरलेला इतिहास सोपा आहे.

भानगड सुरू झाली ती बैल काढून इंजिन बसवल्यावर. इंजिन गाडीच्या पुढे चालत नाही, ते गाडीत बसतं आणि आखच फिरवतं. आता आख फिरला पाहिजे म्हणजे दोन्ही चाकं त्याला पक्की पाहिजेत. आणि दोन्ही पक्की केली की वळताना ती सारखीच फिरणार, मग एकाला घसटत जावं लागणार. तुमच्या दहाव्या मापाच्या ट्रकवर हिशेब करून बघा. चाकांत अंतर २५ सेंटिमीटर, चाकाचा व्यास १० सेंटिमीटर. ट्रकने एक पूर्ण गोल मारला की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा दीड मीटरहून थोडं जास्त चालतं, म्हणजे बरोबर पाच फेरे जास्त. एका गोलात पाच फेऱ्यांचा फरक. तो कुठेतरी सोडवावाच लागतो. नाहीतर टायर झिजतो, शाफ्ट पिळतो, किंवा गाडी वळायलाच नकार देते.

हा फरक सोडवणारी यंत्रणा फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर या माणसाने वाफेच्या गाडीसाठी केली आणि १८२७ साली तिचा हक्क नोंदवला. वाफेच्या गाड्या काही रस्त्यावर फार टिकल्या नाहीत, त्यामुळे ही युक्तीही बरीच वर्षं अडगळीत राहिली. ती परत वर आली ती सायकलवाल्यांमुळे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्ली हा सायकल बनवणारा कारागीर. गोष्ट अशी सांगतात की त्याने दोघांनी शेजारी बसून चालवायची गाडी केली होती, एका बाजूचं चाक एकाच्या पायात, दुसऱ्या बाजूचं दुसऱ्याच्या. शेजारी बसला त्याचा तरणाबांड मुलगा. पोरगं जोरात पायडल मारतंय, बापाचा दम कमी पडतोय, गाडी गेली सरळ रस्त्याबाहेर खाजऱ्या झुडपांत. एक बैल जोराचा आणि एक थकलेला जुंपला तर जे होतं तेच! १८७७ मध्ये स्टार्लीने तीनचाकी सायकलीला डिफरन्शियल बसवलं. पुढे १८८५-८६ ची कार्ल बेंझची मोटारगाडी आली, तीही तीनचाकी, आणि तिच्यातही ते होतं.

जाता जाता, सायकलीच्या दुकानातून यंत्रांकडे जायचा रस्ता काही फक्त कॉव्हेंट्रीतूनच जात नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचंच दुकान काढलं होतं. तिथून कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना, म्हणजे आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. किर्लोस्करांवर वेगळा भाग करायचाय, म्हणून इथे थांबतो.

आता डिफरन्शियल चालतं कसं? मोबाइलवर ॲनिमेशनं ढीगभर आहेत, पण मला तराजूच जास्त पटतो. तराजूची दांडी मधोमध धरून वर उचला. तुमचा जोर दोन्ही पारड्यांना सारखाच जातो. तरी एक पारडं खाली आणि दुसरं वर जाऊ शकतं. डिफरन्शियलच्या पोटातली लहान दातेरी चाकं ही ती दांडी. इंजिन दांडीला ढकलतं, जोर दोन्ही चाकांना सारखा, आणि वेगात मात्र ती मोकळी.

जोर सारखा, हे शब्द परत वाचा. सगळी मेख तिथे आहे. एक चाक कोरड्या मुरमावर आहे आणि दुसरं वाळूत किंवा हवेत. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणजे त्याच्या वाट्याला आला जवळजवळ शून्य. वाटणी सारखी, म्हणून मुरमावरच्या चाकालाही तेवढाच शून्य. ज्याच्याकडे काम नाही त्याच्याकडे सगळे फेरे, आणि ज्याला पकड आहे ते बसून. आमच्या श्रोत्याच्या ट्रकला पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन डिफरन्शियल असणार, म्हणून चारांपैकी एकच चाक फिरतंय. तीन तराजू एकाखाली एक टांगलेत आणि सगळा माल एका पारड्यातून गळतोय.

यावर उपाय आमच्या भागात कोणत्याही ट्रॅक्टरवाल्याला विचारा. पावसानंतर उसाच्या रानात मागचं एक चाक चिखलात फिरायला लागलं की तो टाचेजवळचं डिफरन्शियल लॉकचं पायडल दाबतो. दोन्ही चाकं एकमेकांना पक्की होतात, ट्रॅक्टर सरळ बाहेर येतो, मग पाय काढायचा. लॉक लावून वळायचं नाही, कारण वळताना तोच पाच फेऱ्यांचा हिशेब आडवा येतो. दुसरा उपाय त्याहून हुशारीचा. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. जे चाक मोकळं गरगरतंय त्यालाच ब्रेक लावायचा. आता त्याला फिरायला जोर लागतो, आणि वाटणी सारखी म्हणून पलीकडच्या चाकालाही जोर मिळतो. आजच्या महागड्या गाड्यांत कॉम्प्युटर हेच करतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो. मात्र डांबरी रस्त्यावर आल्यावर ती दोन पायडलं खिळीने जोडायची असतात. तशी न जोडता, भरलेली ट्रॉली मागे असताना वेगात एकाच बाजूचा ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर आडवा होतो. हायवेलगतच्या गावात राहणाऱ्याला हे वाक्य नुसतं तांत्रिक वाटत नाही.

मोटारशर्यतीतही हाच प्रश्न आला. १९३५ मध्ये फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी झेडएफ कंपनीकडे अर्धवट अडवणारं डिफरन्शियल मागितलं. पूर्ण मोकळं नाही, पूर्ण बंद नाही, मधलं काहीतरी. तुमच्या हातातल्या ट्रकचं ट्यूनिंग म्हणजे हे 'मधलं काहीतरी' नेमकं कुठे ठेवायचं त्याची खटपट.

आता खेळण्यांकडे येऊ. खेळणं म्हटलं की काही जण चिडतात, पण मला तो शब्द आवडतो.

रेडिओने यंत्र चालवून दाखवलं ते निकोला टेस्लाने, १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, पाण्याच्या टाकीतली लहान होडी. गाड्यांना बराच वेळ लागला. १९६६ च्या सुमारास इटलीतल्या एका कंपनीने फेरारीचं लहान मॉडेल रेडिओवर चालणारं काढलं. जपानच्या तामियाने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ आणली आणि हा छंद घराघरांत गेला. पण ती सपाट जागेची गाडी. खरी मजा १९७९ मध्ये आली, जेव्हा तामियाने मातीत पळणारी 'रफ रायडर' काढली. माती आली म्हणजे खड्डे आले, खड्डे आले म्हणजे शॉक आले. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या असोसिएटेड कंपनीची आरसी-१० आली, ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि तेलाने भरलेले लांब शॉक. पुढच्याच वर्षी ऑफ-रोडच्या जागतिक स्पर्धेत टू-व्हील गटात ती जिंकली. तिथून शॉकमधलं तेल ही गंभीर बाब झाली.

डिफरन्शियलचीही अशीच एक गोष्ट आहे. सेसिल शूमाकर हा ब्रिटिश इंजिनिअर, कॉसवर्थ या शर्यतीची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत गिअरबॉक्सवर काम करणारा. त्याने लहान गाड्यांसाठी दातेरी चाकांऐवजी गोळ्यांचं डिफरन्शियल केलं आणि १९८० मध्ये त्यावर स्वतःची कंपनी उभी केली. दोन गुळगुळीत चकत्यांमध्ये पोलादी गोळ्या, आणि सगळं दाबून धरणारा एक स्क्रू. स्क्रू आवळला की डिफरन्शियल घट्ट, सैल केला की मोकळं. खिशातल्या पान्याने, मैदानावर, दोन मिनिटांत. मोठ्या गाडीत ज्यासाठी आख्खं हाउजिंग उतरवावं लागतं ते काम लहान गाडीत पोरगं बसल्या जागी करायला लागलं. माझ्या मते या छंदातला हा सगळ्यात मोठा टप्पा आहे, बॅटऱ्या-बिटऱ्या नंतर.

ट्रकांचा जमाना त्यानंतरचा. तामियाचा क्लॉड बस्टर १९८७ मधला, पुढच्या आखाला एक मोटर आणि मागच्या आखाला दुसरी. ट्रॅक्सासचा टी-मॅक्स १९९९ मध्ये, स्लॅश २००८ मध्ये. आणि २०१७ मध्ये त्याच कंपनीचा टीआरएक्स-४ आला, ज्याची पुढची-मागची डिफरन्शियल रिमोटवरच्या बटनाने लॉक होतात. म्हणजे ट्रॅक्टरच्या टाचेखालचं पायडल शेवटी अंगठ्याखाली आलं.

आजच्या बहुतेक मोठ्या आरसी ट्रकांत मात्र गोळ्या नसतात, दातेरी चाकंच असतात, आणि ती घट्ट सिलिकॉन तेलात बुडवलेली असतात. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप जोरात फिरायला लागलं की दातेरी चाकांना त्या तेलातून वाट काढावी लागते. तेल अडवतं. त्या अडवण्यातूनच दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. हेच ते टाचेचं पायडल, फक्त कायम थोडंसं दाबलेलं. तेलाच्या बाटलीवर जो आकडा असतो तो घट्टपणाचा. पाण्याचा घट्टपणा त्या मोजणीत १ धरा. शॉकमध्ये साधारण तीनशे-चारशे चालतं, डिफरन्शियलमध्ये गोष्ट हजारांत जाते. आठव्या मापाच्या गाडीत पुढे पाच ते सात हजार, मध्येही तेवढंच, मागे दोन-तीन हजार ही रूढ सुरुवात आहे. दहाव्या मापाच्या ट्रकलाही हाच क्रम धरून चालता येतं.

तर भावा, तुझं उत्तर. पुढचं डिफरन्शियल उघड. त्यात बहुधा तेल नाहीच, नुसतं ग्रीस आहे. दहा हजाराचं तेल भर. मध्ये सात हजार. वाळूत फरक लगेच दिसेल. पण त्याची किंमतही समजून घे. पुढे घट्ट केलंस की वळणातून बाहेर पडताना ट्रक नाक धरून ओढल्यासारखा सरळ येतो, आणि वळणात शिरताना मात्र अडतो. मागे घट्ट केलंस तर ओल्या मातीवर शेपूट फिरेल. आणि एप्रिल-मेच्या दुपारी सगळंच तेल पातळ होतं, म्हणून सकाळी जुळवलेला ट्रक दुपारी वेगळा वागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. मोबाइलमध्ये नको, हात तेलकट असतात.

पण मी सुरुवातीला म्हटलं की निम्मं दुखणं सस्पेन्शनचं आहे. कारण चाक हवेत गेलं नसतं तर तराजू बिघडलाच नसता. सस्पेन्शनचं काम आराम देणं, अशी आपली समजूत असते. रिमोटच्या ट्रकात कोण बसलंय आराम करायला? त्याचं काम चाक जमिनीवर ठेवणं. म्हणून ट्रक हातात उचलला की चाकं थोडी खाली लोंबली पाहिजेत. खड्डा आला की चाक तेवढं खाली जाऊन जमीन धरतं. काही पोरं स्प्रिंग पार आवळून ट्रक उंच करतात, दिसायला रुबाबदार. पण मग खाली जायला जागाच उरत नाही, चाक लगेच हवेत, आणि आपण परत त्या वाळूतल्या गरगर चाकापाशी.

आणखी एक गोष्ट, जी मला या छंदात सगळ्यात जास्त भावली. अडीच टनांच्या पिकअपचं दहावं माप केलं तर वजन अडीचशे किलो होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहाव्या हिश्श्यावर आल्या, म्हणजे वजन हजाराव्या हिश्श्यावर, अडीच किलो. पृथ्वीची ओढ मात्र लहान झाली नाही. त्यामुळे लहान गाडीत सगळं घाईने घडतं, मोठ्या गाडीच्या तिपटीहून थोडं जास्त घाईने. वीस सेंटिमीटरचा बांध तिच्यासाठी दोन मीटरची भिंत. शॉकमधल्या छोट्या चकतीला भोकं असतात, त्यातून तेल इकडून तिकडे जातं. भोकं बारीक आणि धक्का अचानक असेल तर तेलाला जायला वेळच मिळत नाही, शॉक दगडासारखा होतो आणि ट्रक उसळतो. म्हणून ढेकळांच्या रानात तेल पातळ, आणि उंच उड्यांच्या ट्रॅकवर घट्ट. आणि तेल भरताना आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. चार शॉकपैकी एकात हवा राहिली तर बाकी सगळी आकडेमोड फुकट.

आता मोठ्या रस्त्यावर या. घोडागाडीसाठी कमानदार पाट्यांची स्प्रिंग इंग्लंडमध्ये ओबाडाया एलियटने १८०४ मध्ये आणली. टेल्को आणि डायमलर-बेंझ यांचा करार होऊन १९५४ मध्ये भारतात ट्रक बनायला लागले, तेही पाट्यांवर. हायवेच्या कुठल्याही गॅरेजात आजही 'पाटा तुटला' हे वाक्य ऐकू येतं. पाट्यांमागे पाटे रचलेले, ते एकमेकांवर घासतात, त्या घासण्यानेच उसळी थोडी मरते. तुमच्या ट्रकात हेच काम तेल करतं.

बैलगाडीला मात्र पाटे नाहीत. का नाहीत? घडीभर विचार करा. दोन चाकं आणि पुढे जू, म्हणजे टेकायला तीन जागा. तीन पायांची तिवई कितीही खडबडीत जमिनीवर ठेवा, डगमगत नाही. चार पायांचं टेबल डगमगतं. चाक जमिनीवर ठेवायला बैलगाडीला स्प्रिंगची गरजच पडली नाही. पण तिवईचा तिसरा पाय काय होता? बैलांची मान. आखाच्या पुढे-मागे जेवढा तोल चुकला तेवढा सगळा मानेवर, आणि वाटेतला प्रत्येक हिसकाही मानेवर. शेतकऱ्यांनी यासाठी शब्द घडवले होते. माल मागे जास्त झाला आणि जू वर उचललं जायला लागलं तर गाडी 'उलाळ' झाली. पुढे जास्त झाला आणि मानेवर भार आला तर 'धुरजड'. गाडी भरणारा माणूस पोतं वीतभर पुढे-मागे सरकवून हे जुळवायचा. आरसीवाले बॅटरी पुढे-मागे सरकवतात ना, तेच ट्यूनिंग. फरक इतकाच की इथे चुकलं तर टायर झिजतो आणि तिथे कातडं सोलवटतं.

रबरी टायर आले, कारखान्यांच्या टायरगाड्या आल्या. रस्त्याची घर्षणं कमी झाली, गाडी हलकी चालू लागली. मग काय झालं असेल? माणूस तोच, त्याने माल वाढवला. ऊसतोडीच्या टोळीला मजुरी टनावर मिळते, त्यामुळे तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण पाट्यांचा, शॉकचा, तेलाचा दोनशे वर्षांचा सगळा इतिहास त्या गाडीच्या शेजारून हायवेवरून निघून गेला आणि मान तिथेच राहिली.

२०२२ च्या जुलैमध्ये एक फोटो तुमच्याही मोबाइलवर आला असेल. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ऑटोमोबाइल विभागाच्या विद्यार्थ्यांनी उसाच्या बैलगाडीला पुढे, दोन बैलांच्या मध्ये, जुवाखाली एक चाक लावलं. नाव 'सारथी'. मानेवरचा भार त्या चाकावर जातो, आणि बैलांच्या उंचीप्रमाणे ते वर-खाली करता येतं. फोटो देशभर फिरला, खाली कमेंटमध्ये लोकांनी हात जोडले, आणि दोन दिवसांनी नेहमीप्रमाणे पुढच्या फोटोकडे गेले.

मला मात्र त्या चाकाने धरून ठेवलं. उंची जुळवायची सोय का लागते, हे आता तुम्हाला कळेल. चाक जास्त खाली केलं तर गाडी जणू उलाळ, जू मानेवरून उठणार आणि बैलांना ओढायला पकड मिळणार नाही. कमी केलं तर भार परत मानेवर. आणि रान काही काचेसारखं सपाट नसतं. पुढचं चाक दगडावर चढलं की जू उचललं जाणार, खड्ड्यात गेलं की सगळं वजन हिसक्यासकट मानेवर. मग तिथे किती कडक स्प्रिंग लागेल? किती खाली लोंबू द्यायचं? हिसका मारायला शॉक लावला तर तेल किती घट्ट? हे प्रश्न तुम्ही दर रविवारी अडीच किलोच्या ट्रकवर सोडवता. इथे गाडीवर काही टन ऊस असतो, एवढाच फरक.

आमच्या भागातल्या पोरांकडे हे दोन्ही एकाच वेळी हाताशी आहे. कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासून आहे, सांगलीचं वालचंद १९४७ पासून, आणि तिथून पाच-दहा किलोमीटरवर हंगामात गाड्यांचे तळ पडतात. दहाव्या मापाची बैलगाडी करून जुवाखालच्या चाकावर वेगवेगळ्या स्प्रिंगा लावून, मानेच्या जागी साधा वजनकाटा ठेवून बघायला किती खर्च येईल? एका चांगल्या आरसी मोटरपेक्षा कमी. कुणी करून बघत असेल तर मला व्हिडिओ पाठवा, पुढच्या भागात लावतो.

आणि एक काम सगळ्यांसाठी. तुमच्या घरात किंवा गल्लीत ज्यांनी आयुष्यभर गाडी हाकली असे कुणी आजोबा असतील, तर त्यांना विचारा की गाडी भरताना तोल कसा बघायचे, जुवाखाली हात घालून की बैलाच्या चालीवरून. लाकडी चाकावर तापवलेली लोखंडी धाव बसवताना पाणी कधी ओतायचे तेही विचारा. त्यांच्या आवाजातच रेकॉर्ड करा, मध्ये बोलू नका. व्हॉइस नोट दोन मिनिटांची झाली तरी चालेल, वीस मिनिटांची झाली तर अजून बरं.